‘जी ६.३’ आणि बेअरिंगवरचे ७.१: संतुलनाची परिभाषा नेमकी कशी वाचावी

आपल्या प्रश्नातील माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचे वाचणाऱ्याला संदर्भ शोधावा लागणार नाही. पंख्याचा ८० किलो वजनाचा इम्पेलर, म्हणजे पाती असलेले फिरते चाक, १४८० आरपीएमवर (मिनिटाला १४८० फेऱ्या) चालतो. तो बॅलन्सिंगसाठी बाहेर पाठवला. परत आला तेव्हा सोबतच्या अहवालात ‘दोन प्रतलांत डायनॅमिक बॅलन्सिंग, दर्जा जी ६.३, अवशिष्ट असंतुलन १४०० आणि ११०० ग्रॅम-मिमी’ असे लिहिले होते. प्रतल म्हणजे शाफ्टला काटकोनात असलेली ती पातळी, जिथे वजन लावून दुरुस्ती करतात, आणि अवशिष्ट म्हणजे दुरुस्तीनंतर उरलेले. बसवल्यावर बेअरिंगवर ७.१ मिमी प्रति सेकंद एवढे कंपन आले. आपण ३०० मिमी त्रिज्येवर ११ ग्रॅमचे ट्रायल वेट, म्हणजे चाचणीचे वजन, लावून पाहिले, तरी रीडिंग ७.१ च राहिले. फक्त फेज, म्हणजे शाफ्टवरच्या ठरलेल्या खुणेच्या मानाने कंपनाचे शिखर कुठे येते तो कोन, ४० अंशांवरून १०० अंशांवर गेली. यावरून आपण तीन प्रश्न विचारले आहेत. जी ६.३ लिहिले असताना कंपन ६.३ च्या आत का आले नाही, म्हणजे अहवाल खोटा आहे का? इम्पेलर हाताने फिरवल्यावर कुठेही थांबतो, मग तो स्टॅटिक आणि डायनॅमिक दोन्ही अर्थांनी संतुलित आहे असे म्हणता येईल का? आणि ट्रायल वेटचा काहीच परिणाम झाला नाही, तर दोष असंतुलनाचा नाही असे मानावे का?

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी यंत्रातील बिघाडापेक्षा शब्दांचा घोटाळा अधिक आहे, असे मला वाटते. असंतुलन हा फिरणाऱ्या भागाचा स्वतःचा गुणधर्म आहे. तो भाग गोदामात पडून असला तरी त्याच्यात असंतुलन तेवढेच असते. कंपन हा त्या असंतुलनाला शाफ्ट, बेअरिंग, स्टँड आणि पाया या सगळ्यांनी मिळून दिलेला प्रतिसाद आहे. पहिल्याचे एकक ग्रॅम-मिमी, दुसऱ्याचे मिमी प्रति सेकंद किंवा मायक्रॉन. दुर्दैवाने संतुलनाच्या दर्जाचे एककही मिमी प्रति सेकंद हेच निघते, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

दर्जाचा अर्थ आधी पाहू. ८० किलोच्या इम्पेलरमध्ये ३०० मिमी त्रिज्येवर १० ग्रॅम जास्त असतील तर असंतुलन ३००० ग्रॅम-मिमी होते. त्याला वस्तुमानाने भागले की ३७.५ ग्रॅम-मिमी प्रति किलो, म्हणजेच ३७.५ मायक्रॉन येतात. याचा अर्थ इम्पेलरचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या अक्षापासून तेवढा सरकलेला आहे. या सरकण्याला उत्केंद्रता म्हणू. उत्केंद्रतेला कोनीय वेगाने गुणले की मिमी प्रति सेकंद मिळतात, आणि त्या गुणाकाराची कमाल मर्यादा म्हणजे ‘जी’ दर्जा. १४८० आरपीएमचा कोनीय वेग सुमारे १५५ रेडियन प्रति सेकंद आहे. ६.३ ला १५५ ने भागले की सुमारे ४०.६ मायक्रॉन एवढी उत्केंद्रता चालते, आणि ८० किलोसाठी ती सुमारे ३२५० ग्रॅम-मिमी होते. गुरुत्वमध्य दोन प्रतलांच्या मधोमध असेल तर प्रत्येक प्रतलाच्या वाट्याला १६२५ येतात. आपल्या अहवालातील १४०० आणि ११०० हे दोन्ही आकडे त्याच्या आत आहेत. म्हणून अहवालात लिहिलेल्या आकड्यांपुरता तो जी ६.३ शी सुसंगत आहे, आणि खोटेपणाचा आरोप करायला मला तरी आधार दिसत नाही.

आता हा ६.३ आणि कंपनमापकावरचा ७.१ यांचे नाते पाहा. इम्पेलर पूर्णपणे ताठ आधारांवर फिरतो अशी कल्पना केली, तर गुरुत्वमध्य ६.३ मिमी प्रति सेकंदाने वर्तुळात फिरेल, पण बेअरिंग हलणारच नाही. मापक शून्य दाखवेल. उलट तोच इम्पेलर अगदी मोकळा, कुठलाही आधार नसल्यासारखा फिरला, तर तो स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती फिरेल आणि त्याचा शाफ्टचा अक्ष ६.३ ने वर्तुळ काढेल. खरी यंत्रे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात, आणि फिरण्याची वारंवारता स्टँडच्या नैसर्गिक वारंवारतेजवळ आली, म्हणजे अनुस्पंदन झाले, तर कंपन मोकळ्या अवस्थेपेक्षाही वर जाते. शिवाय ६.३ हे शिखरमूल्य आहे, तर मापकावरचे ७.१ बहुधा आरएमएस, म्हणजे शिखराच्या सुमारे ०.७ पट असते. म्हणजे दोन्ही आकड्यांचे एकक सारखे असले तरी ते एकमेकांसमोर ठेवून तुलना करण्याजोगे नाहीत. कंपनाच्या मर्यादा वेगळ्या मानकात आहेत. त्या आयएसओ २०८१६ च्या मालिकेत पाहाव्यात. संतुलनाचा दर्जा आयएसओ २१९४० च्या ११ व्या भागात आहे, ज्याला जुने लोक अजूनही १९४० म्हणतात. त्याच मालिकेचा दुसरा भाग फक्त परिभाषेचा आहे, आणि अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी नीट वाचावा असे मला मनापासून वाटते.

एक गोष्ट जाता जाता. दर्जा तोच ठेवून वेग दुप्पट केला तर चालणारी उत्केंद्रता निम्मी होते, पण केंद्रोत्सारी बल वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने बेअरिंगवर येणारे बल तरीही दुप्पट होते. आपल्या इम्पेलरमध्ये मर्यादेइतके, म्हणजे ३२५० ग्रॅम-मिमी असंतुलन असेल तर १४८० आरपीएमवर सुमारे ७८ न्यूटन बल येईल, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दहाव्या भागाइतके. जी ६.३ म्हणजे अमुक इतके ‘गुळगुळीत चालणे’ असे सरसकट म्हणता येत नाही, ते याचमुळे.

दुसरा प्रश्न स्टॅटिक आणि डायनॅमिक या जोडीचा. इथे मराठी शब्दांनीही आपली थोडी फसवणूक केली आहे. ‘स्टॅटिक’साठी बरेच जण ‘स्थिर संतुलन’ लिहितात. पण भौतिकशास्त्रात ‘स्थिर समतोल’ म्हणजे ढकलले तरी मूळ जागी परत येणारा समतोल, आणि त्याचा आपल्या विषयाशी संबंध नाही. म्हणून मी ‘स्थितिक’ आणि ‘गतिक’ हे शब्द वापरतो. त्याहून मोठी चूक म्हणजे स्थितिक असंतुलन म्हणजे थांबलेल्या अवस्थेत मोजलेले आणि गतिक म्हणजे फिरताना मोजलेले असे समजणे. हे शब्द मोजण्याच्या पद्धतीची नावे नाहीत. वस्तुमान शाफ्टच्या अक्षाभोवती कसे वाटले गेले आहे, त्याची ती नावे आहेत. प्रत्येक रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, एक मुख्य जडत्व अक्ष असतो, ज्याच्याभोवती तो आधारांना न हादरवता फिरू शकला असता. हा अक्ष शाफ्टच्या अक्षाला समांतर पण बाजूला सरकलेला असेल तर असंतुलन स्थितिक. तो शाफ्टच्या अक्षाला नेमका गुरुत्वमध्यात छेदत तिरपा असेल तर ते युग्म असंतुलन. छेदतो, पण गुरुत्वमध्यात नाही, तर ते अर्धस्थितिक. आणि दोन्ही अक्ष एकमेकांना समांतरही नाहीत आणि छेदतही नाहीत, तर ते गतिक. प्रत्यक्षात येणारे बहुतेक रोटर या शेवटच्या प्रकारात बसतात.

युग्म असंतुलन डोळ्यांसमोर यावे म्हणून असे करून पाहा. इम्पेलरच्या पुढच्या प्लेटवर वरच्या बाजूला ३०० मिमी त्रिज्येवर १० ग्रॅम लावा, आणि २०० मिमी मागे असलेल्या मागच्या प्लेटवर त्याच त्रिज्येवर पण बरोबर खालच्या बाजूला दुसरे १० ग्रॅम लावा. आता इम्पेलर हाताने फिरवा. तो कुठेही थांबेल, कारण वरचे आणि खालचे वजन एकमेकांना तोलून धरतात. पण १४८० आरपीएमवर पुढच्या टोकाला सुमारे ७२ न्यूटन बल वर ओढेल, तेव्हाच मागच्या टोकाला तेवढेच बल खाली ओढेल, आणि अर्ध्या फेरीनंतर उलट होईल. १४ न्यूटन-मीटरहून थोडे जास्त परिबल शाफ्टला सतत पिळत नाही, पण डोलवत ठेवते. हाताने फिरवून पाहण्यात याचा पत्ताच लागत नाही. त्यात आपण इम्पेलर स्वतःच्या ग्रीस भरलेल्या, सील असलेल्या बेअरिंगवर फिरवला आहे, जिथे घर्षणामुळे थोडे स्थितिक असंतुलनही लपून जाते. म्हणून ‘कुठेही थांबतो’ एवढ्यावरून मी काहीच निष्कर्ष काढणार नाही.

मग एका प्रतलात संतुलन पुरेसे कधी? हे परिस्थितीवर अवलंबून आहे. पातळ चकती, बेअरिंगमधले अंतर चकतीच्या रुंदीच्या मानाने मोठे आणि वेग कमी असेल तर एक प्रतल पुरते. रुंदी व्यासाच्या अर्ध्याजवळ गेली किंवा इम्पेलर दोन्ही बेअरिंगच्या बाहेर लटकता असेल, तर मी दोन प्रतलांत मोजल्याशिवाय राहत नाही. प्रत्यक्ष वजन एका प्रतलात लावावे लागले तरी दुसऱ्यातील अवशिष्ट किती राहिले हे कळते.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि माझ्या मते आपल्या हाती आलेली सर्वांत चांगली माहितीही त्यातच आहे. ‘रीडिंग तेच राहिले, म्हणजे वजनाचा परिणाम झाला नाही’ हे वाक्य कंपनाला फक्त आकडा मानल्यामुळे आले आहे. फेजसह मोजलेले कंपन हा सदिश असतो. त्याला लांबी आहे तशी दिशाही आहे. कागदावर एका बिंदूपासून ४० अंशांवर ७.१ सेंमीची रेघ काढा, त्याच बिंदूपासून १०० अंशांवर आणखी ७.१ सेंमीची रेघ काढा, आणि पहिल्या रेघेच्या टोकापासून दुसरीच्या टोकापर्यंत तिसरी रेघ ओढा. दोन रेघांमधला कोन ६० अंशांचा असल्याने समभुज त्रिकोण तयार होतो आणि तिसरी रेघही ७.१ सेंमीच भरते. ही तिसरी रेघ म्हणजे एकट्या ट्रायल वेटचा परिणाम. म्हणजे आपल्या ११ ग्रॅमनी एकट्याने ७.१ मिमी प्रति सेकंद कंपन निर्माण केले, आणि ते मूळ कंपनात मिसळून पुन्हा ७.१ झाले. परिणाम शून्य नाही. मूळ दोषाइतकाच मोठा आहे.

त्या तिसऱ्या रेघेची दिशा १६० अंश येते. मूळ कंपन संपवायला लागणारी दिशा ४० च्या बरोबर उलट, म्हणजे २२० अंश आहे. वजन तेवढेच ठेवून ते ६० अंश सरकवले की हिशोब जुळतो. पण सरकवायचे कोणत्या बाजूला, हेच परिभाषेचे खरे मर्मस्थान आहे. आपले उपकरण फेज ‘विलंब’ म्हणून, म्हणजे फिरण्याच्या विरुद्ध दिशेने वाढणारी मोजत असेल, तर वजन फिरण्याच्या विरुद्ध दिशेला ६० अंश न्यावे लागेल. दुसरा संकेत असेल तर फिरण्याच्या दिशेला. चुकीच्या बाजूला नेले तर परिणाम १०० अंशांच्या दिशेने पडेल, तो मूळ ४० अंशांच्या कंपनात मिळेल आणि बेअरिंगवर सुमारे १२.३ मिमी प्रति सेकंद दिसेल. एका शब्दाचा अर्थ चुकल्याने शून्याच्या जवळ यायचे ते पावणेदोन पट होते. म्हणून उपकरणाच्या पुस्तिकेत फेजचा संकेत शोधा, आणि तो नीट सापडला नाही तर वजन थोडेसेच, दहा अंश, एका बाजूला सरकवून रीडिंग वाढते की कमी होते ते पाहून घ्या.

या त्रिकोणातून आणखी एक आकडा मिळतो. ३३०० ग्रॅम-मिमीने ७.१ मिमी प्रति सेकंद, म्हणजे दर १००० ग्रॅम-मिमीमागे सुमारे २.१५. या गुणोत्तराला प्रभाव गुणांक म्हणतात, आणि तो त्या यंत्राचा, त्या वेगाचा, त्या बेअरिंगवरचा असतो. तो लिहून ठेवा; पुढच्या वेळी ट्रायल वेट न लावताही काम होऊ शकते. मात्र पाया, बेअरिंग किंवा वेग बदलला की तो जुना आकडा वापरू नका.

त्याच गुणांकाने उलटा हिशोब केला तर बसवलेल्या अवस्थेत, त्या प्रतलापुरते, सुमारे ३३०० ग्रॅम-मिमी असंतुलन आहे. अहवालातील दोन्ही अवशिष्ट एकाच दिशेला पडले तरी बेरीज २५०० च होते. म्हणजे निदान ८०० ग्रॅम-मिमी कुठून तरी नंतर आले. हे बॅलन्सिंग करणाऱ्याचे पाप नसून बसवण्याचे असू शकते, आणि त्याची दोन ठिकाणे मी नेहमी आधी तपासतो.

पहिले ठिकाण हबची, म्हणजे इम्पेलरच्या शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागाची, बसणी. हब शाफ्टवर ५० मायक्रॉन एका बाजूला सरकून बसला तर ८० गुणिले ५० म्हणजे ४००० ग्रॅम-मिमी असंतुलन तयार होते. संपूर्ण मर्यादा ३२५० ची, आणि ती केसाच्या जाडीइतक्या सैलपणाने ओलांडली जाते. दुसरे ठिकाण चावी, म्हणजे शाफ्ट आणि हब यांच्या खाचांत बसून दोघांना एकत्र फिरवणारा तुकडा. ५० मिमीच्या शाफ्टमध्ये १४ बाय ९ मिमी मापाची, ८० मिमी लांब पोलादी चावी सुमारे ७९ ग्रॅमची असते. तिचा अर्धा भाग, सुमारे ४० ग्रॅम, साधारण २६ मिमी त्रिज्येवर असतो, म्हणजे सुमारे १०४० ग्रॅम-मिमी. ‘अर्धी चावी’चा संकेत याचसाठी आहे: शाफ्टचे संतुलन करताना अर्धी चावी धरायची, हबचे करताना उरलेली अर्धी धरायची. शाफ्ट या संकेताने आणि हब रिकाम्या खाचेने संतुलित झाला तर जोडल्यावर तो हजार ग्रॅम-मिमीचा फरक हमखास उभा राहतो, आणि दोन्ही अहवाल आपापल्या जागी खरे असतात. म्हणून अहवालात चावीचा संकेत लिहिलेला नसेल तर मी तो अहवाल अपुरा मानतो.

आणखी एक शब्दजोडी राहून जाऊ नये, कारण तिने मला स्वतः खूप शिकवले: जड जागा आणि उंच जागा. जड जागा म्हणजे जिथे वस्तुमान जास्त आहे ती. उंच जागा म्हणजे फिरताना शाफ्ट ज्या बाजूला सर्वांत जास्त बाहेर येतो ती. पूर्वी फिरत्या शाफ्टला खडू हलकेच टेकवून उंच जागेची खूण घेत, आणि तिच्यासमोर वजन लावत. क्रांतिक वेगाच्या, म्हणजे ज्या वेगावर फेरीची वारंवारता शाफ्टच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळते त्याच्या, बऱ्याच खाली दोन्ही जागा एकत्र असतात, म्हणून हे जमते. क्रांतिक वेगावर उंच जागा जड जागेच्या ९० अंश मागे पडते आणि बऱ्याच वर गेल्यावर १८० अंशांवर, म्हणजे समोरासमोर येते. एका ब्लोअरवर आम्ही खडूच्या खुणेसमोर दोनदा वजन लावले आणि दोन्ही वेळा कंपन वाढले. ते यंत्र क्रांतिक वेगाच्या वर चालत होते आणि आम्ही जड जागेवरच वजन चढवत होतो. वजन खुणेवरच लावले तेव्हा ते शांत झाले. ‘ताठ’ आणि ‘लवचिक’ रोटर हे शब्दही धातूच्या कणखरपणाबद्दल नसून चालण्याचा वेग आणि वाकण्याचा पहिला क्रांतिक वेग यांच्या अंतराबद्दल असतात. वर सांगितलेला जी दर्जा ताठ वागणुकीच्या रोटरांसाठी आहे. आपला पंखा त्यात बसतो असे मानून मी लिहिले आहे.

सगळे असंतुलनावर ढकलण्यापूर्वी एक खातरजमा करा. असंतुलनाचे कंपन फेरीच्याच वारंवारतेला, म्हणजे आपल्या पंख्यासाठी २४.७ हर्ट्‌झला, असते आणि त्याची फेज स्थिर राहते. एकूण ७.१ पैकी मोठा भाग दुप्पट वारंवारतेला किंवा अक्षीय दिशेला असेल, तर कपलिंगची रांग आणि पायाचे बोल्ट आधी पाहावे लागतील. आपण फेज दिली आहे, यावरून उपकरणाने फेरीच्या वारंवारतेला गाळूनच रीडिंग दिले असावे. तसे असेल तर वाट बरोबर आहे.

मी आपल्या जागी असतो तर पुढचे काम या क्रमाने केले असते. पंखा बंद करून, विजेचा पुरवठा तोडून कुलूप लावल्यावर डायल गेजने शाफ्ट आणि हबच्या बाहेरच्या कडेचा रनआउट, म्हणजे फिरवताना कड किती आत-बाहेर होते ते, मोजा आणि दोन्हीतला फरक लिहून ठेवा. बॅलन्सिंग करणाऱ्याला फोन करून इम्पेलर मँड्रेलवर, म्हणजे बॅलन्सिंगपुरत्या तात्पुरत्या शाफ्टवर, घेतला होता का, तो १८० अंश फिरवून मँड्रेलची चूक वजा केली होती का, आणि चावीची खाच भरली होती की रिकामी, एवढे तीन प्रश्न विचारा. हबची बसणी ठीक निघाली तर ट्रायल वेट काढून तेच ११ ग्रॅम फेजच्या संकेतानुसार योग्य बाजूला ६० अंशांवर लावा. इम्पेलरला बारा पाती असतील तर ते बरोबर दोन पात्यांचे अंतर होईल. मग दोन्ही बेअरिंगवर आडवे, उभे आणि अक्षीय असे सहा रीडिंग फेजसह घेऊन इथे लिहा. दुसऱ्या बेअरिंगचे कंपन त्यासोबत कमी झाले की वाढले, यावरून युग्म भाग उरला आहे का ते लगेच सांगता येईल.